पहाऱ्याची परात

आमच्या चाळीत परात वाजली की विचारायचं नाही, धावायचं, असा कायदा होता. कायदा चाळ कमिटीचा. एकदा पोलिसांची गाडी नाक्यावर आली तेव्हा वरून कोणीतरी ओरडलं, आणि खालचे लोक ‘कोण आलं, कशाला आले’ असं एकमेकांना विचारत बसले. तेवढ्यात पोलिसांनी वरच्या मजल्यावरची पोरं उचलून नेली. तेव्हापासून ठरलं, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला एकाने पहाऱ्याला बसायचं, संशय आला की परात बडवायची, बायकांनी पाण्याची पिंपं जिन्यात आडवी लावायची आणि पुरुषांनी खाली उतरायचं. प्रश्न मागाहून.

परात माझी होती. माहेरहून आणलेली, पितळेची, चांगली जड. आमच्या ह्यांनी ती मला न विचारता कमिटीला देऊन टाकली. ह्यांचं नाव सीताराम, गिरणीत कापडाचे साचे चालवायचे आणि गिरणीतून सुटले की समितीचं काम करायचे. मुंबई महाराष्ट्रात आली पाहिजे ह्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण त्यापायी मी भाकरीचं पीठ ताटलीत का मळायचं, हे मला लालबागमधल्या एकाही पुढाऱ्याने समजावून सांगितलं नाही.

पहाऱ्याला रघूला बसवायचं हे डोकं दत्तारामचं. दत्ताराम आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहायचा, कमिटीचा मुख्य होता आणि साधं मीठ मागायलासुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलायचा. एक दिवस तो दारात येऊन ह्यांना म्हणाला, “सीताराम, तुझा भाऊ आपल्याला दे रे. रात्रीचा केव्हाही उठून बघतो, हा गॅलरीत उभा. पान हललं तरी याची मान वळते. बाकीची पोरं डुलक्या काढतात साली.”

हे खूश झाले. सासूबाईसुद्धा खूश झाल्या. मी चुलीपाशी होते. मी म्हटलं, “अहो, तो झोपत नाही म्हणून त्याला पहाऱ्याला बसवताय, पण तो झोपत का नाही ते कोणी विचारलंय का?”

“तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते,” हे म्हणाले. तिथे विषय संपला.

रघू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या खोलीत आले तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता आणि त्याच्या पुढच्या दातांच्या जागी खिडकी होती. सासूबाई तेव्हा गिरणीत रिंगखात्यात जायच्या, त्यामुळे त्याची वेणीफणी सोडून सगळं माझ्याकडेच. पाढे मी घेतले, खरूज मी धुतली, मारलंही मीच. पोर असं बडबडं की नळावर पाणी भरायला गेला तर बादली भरून वाहायची आणि याची गोष्ट संपायची नाही. आता तो मॅट्रिकला होता. आमच्या घरातला मॅट्रिकला बसणारा पहिला माणूस. मार्चात परीक्षा होती.

हा बडबड्या रघू गणपतीनंतर हळूहळू गप्प झाला. गप्प होणं म्हणजे काय, वयात आलेली पोरं गप्प होतातच. मलाही आधी तसंच वाटलं. मग तो अंघोळीची टाळाटाळ करू लागला. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीला उलटं केलं. का रे, तर म्हणे बघते. इराण्याच्या हॉटेलात रेडिओ लागला की रस्त्याच्या पलीकडून जायचा. भाताचा घास तोंडाशी नेऊन आधी हुंगायचा. आणि मी पोळपाटावर किंवा शिलाईवर मान घालून बसलेली असले की अचानक दारात यायचा.

“वहिनी, हाक मारलीस?”

“नाही रे.”

“नक्की?”

“मला दुसरे उद्योग नाहीत का तुला हाका मारत बसायला?”

तो जायचा. थोड्या वेळाने पुन्हा यायचा. पुन्हा तेच. एकदा तर मी चिडून म्हटलं, कान साफ कर. तेव्हा तो हसला. हसला म्हणजे ओठ हसले, डोळे तसेच राहिले. माझ्या अंगावर काटा आला. का आला ते मला सांगता आलं नसतं, पण आला.

घरात प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार होतं. सासूबाई म्हणायच्या, झिलाक नजर लागली. शेजारची नलू म्हणायची, कुठल्यातरी पोरीपायी झुरतोय. हे म्हणायचे, गोळीबार बघितला ना त्याने जानेवारीत, त्याचा धसका घेतलाय. चाळीत हेच सगळ्यांना पटलं, कारण छप्पन सालच्या त्या जानेवारीत आमच्या भागात गोळ्या चालल्या होत्या, कर्फ्यू लागला होता आणि कोण कशाने बिथरेल ते सांगता येत नव्हतं. पण ज्या दिवशी गोळीबार झाला त्या दिवशी रघू माझ्याशेजारी बसून लसूण सोलत होता. मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग ऐकला असेल. आणि कॅलेंडर तर दिवाळीच्याही आधी उलटं झालं होतं. त्यावर हे उठून बाहेर गेले.

पहाऱ्याला बसल्यावर रघू एकदम मोठा माणूस झाला. माझा जीव इथेच जळतो. जे बघून कोणीही म्हटलं असतं की या पोराला बरं नाही, त्याचंच चाळ कौतुक करू लागली. तो म्हणाला, पानवाल्याकडे उभा असलेला माणूस दोन दिवस तोच सदरा घालून येतोय. कमिटीने नजर ठेवली, तर तो खरोखरच साध्या कपड्यातला पोलीस निघाला. त्या दिवशी दत्तारामने रघूला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तेव्हापासून रघू बोलेल ते खरं. त्याने सांगितलं, दूधवाला वेगळ्या वेळी येतो, दूधवाला बदलला. त्याने सांगितलं, समोरच्या इमारतीतून आरशाने खुणा करतात, लोकांनी गॅलरीत चादरी बांधल्या. दुसऱ्या कुठल्या काळात लोक त्याला म्हणाले असते, अरे, तुझ्या मागे कोण कशाला लागेल? आमच्याकडे त्या दिवसांत खरंच कोणीतरी मागे लागत होतं. म्हणून त्याला कोणी हटकलं नाही.

पहारा रात्रीचा ठरला होता. रघू दिवसाही उठेना. सकाळी दप्तर घेऊन शाळेला म्हणून जायचा, दुपारी आला की परात मांडीवर घेऊन बसायचा. जेवण मी तिथे नेऊन द्यायची. तो हुंगायचा, माझ्याकडे बघायचा आणि खायचा. एवढं मात्र खरं, माझ्या हातचं तो खायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी परात वाजली.

पुरुष घरीच होते. कोणी पत्ते टाकत होतं, कोणी लवंडलं होतं. सगळे उठले आणि धावले. कायदाच तो. नलूने आणि मी पिंप आडवं केलं, पाणी जिन्यावरून धो धो खाली गेलं. खालून आरडाओरडा ऐकू आला. “पकडा त्याला,” “सीआयडी, सीआयडी.” वरून परात चालूच होती. मी कठड्यावरून वाकून बघितलं. पांढरा सदरा, हातात छत्री, असा एक बारीकसा माणूस नळाच्या ओट्याशी पडला होता आणि आमच्या चाळीतली मी ज्यांना दादा, भाऊजी म्हणते ती चांगली माणसं त्याला बुक्क्या मारत होती. त्याचीच छत्री कोणीतरी त्याच्या डोक्यात घातली. पांढऱ्या सदऱ्यावर लाल रंग पसरला.

त्या माणसाने हात वर केला, चष्मा चाचपडला आणि म्हणाला, “अहो, मी मास्तर आहे. रघूचा मास्तर.”

ओळखलं मी. गुणाजी मास्तर. रघूला गणित शिकवायचे. शाळेच्या गॅदरिंगला मी त्यांना बघितलं होतं. मी वरून किंचाळले, “थांबा, मेल्यांनो, मास्तर आहेत ते.” सगळे थांबले. ह्यांचा उगारलेला हात तसाच राहिला. हो, ह्यांचाही. खाली एकदम सामसूम झाली, आणि त्या सामसुमीत वरची परात तेवढी वाजत राहिली. मास्तर, मास्तर म्हणून आम्ही सगळे ओरडत होतो, ते रघूला ऐकू जात नव्हतं असं नाही. तो मास्तरांकडे बघत होता. ओळखत होता. आणि बडवत होता.

इतके दिवस मी चिडत होते, कुरकुरत होते, पण खरी भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

मास्तरांना आमच्या खोलीत आणून निजवलं. जखमेत हळद भरली, धोतर फाडून पट्टी बांधली. दत्तारामच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते मी पहिल्यांदाच बघत होते. ह्यांनी मास्तरांचे पाय धरले. मास्तर म्हणाले, “ते राहू द्या. मी ज्यासाठी आलो ते ऐका. रघू दिवाळीनंतर शाळेत आलेला नाही.”

“रोज जातो की,” हे म्हणाले.

“कुठे जातो ते मला माहीत नाही. शाळेत येत नाही. मला वाटलं, आजारी असेल, नाहीतर चळवळीत असेल. परवा भायखळ्याच्या पुलावर दिसला. एकटाच बोलत होता. मी हाक मारली तर पळाला. त्याच्या आधीही वर्गात त्याचं काहीतरी बिनसलंच होतं. मी फळ्यावर उदाहरण सोडवलं की तास संपल्यावर येऊन विचारायचा, सर, ते माझ्याबद्दल होतं का? पहिल्यांदा मला थट्टा वाटली.”

बाहेर परात एकदाची थांबली होती. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “माझो झील येडो नाय. गावाक नेऊया. देवाक कौल लावूया, सगळा कळतला.”

मास्तर त्यांच्याकडे वळले. डोक्याला हात लावून हळू उठून बसले. “आजी, माझा धाकटा भाऊ होता. कुशाबा. त्याचंही असंच सुरू झालं. आधी झोप गेली, मग माणसं नकोशी झाली, मग सगळ्या गोष्टी त्याच्याबद्दलच बोलतात असं वाटायला लागलं. आम्हीही कौल लावला. मग म्हटलं, लग्न करून देऊ. मग म्हटलं, पावसाळा जाऊ दे. डॉक्टरकडे नेला तेव्हा तो आम्हाला कोणालाच आपलं म्हणत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला का नाही आणलंत? आम्हाला ती सुरुवात आहे हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला आज मी सांगतोय.”

“कुशाबा आता कुठे असतो?” मी विचारलं.

“ठाण्याला,” मास्तर म्हणाले. ठाण्याला म्हणजे कुठे, ते लालबागमध्ये कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मास्तर टॅक्सीतून गेल्यावर आमच्या खोलीत कोर्ट भरलं. दत्ताराम म्हणाला, पोराला महिनाभर गावी लपवा, नाहीतर चाळीचं नाव जाईल. सासूबाई कौल सोडेनात. हे म्हणाले, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षा. दिवाळीपासून शाळेचं तोंड न बघितलेल्या पोराची परीक्षा.

माझा तोल गेला. मी म्हटलं, “तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा आजार परात बडवत मिरवलात. झोपत नाही तर म्हणे जागरूक आहे. घाबरतोय तर म्हणे हुशार आहे. आता मास्तरांचं डोकं फुटलं, उद्या तो आपल्यातल्याच कोणाला सीआयडी समजेल. आये, तुम्ही गावाला कौल लावा, मी नको म्हणत नाही. पण उद्या सकाळी मी त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात नेणार. कोणी आडवं आलं तर ती परात आहे आणि मी आहे.”

सासूबाईंच्या समोर मी इतकं कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, “खंय न्हेतंस ता सांगा नको त्याका. पळतलो.”

त्या बरोबर बोलत होत्या. इस्पितळ म्हटलं असतं तर रघू गॅलरीतून उडी मारायला कमी करणार नव्हता. तेव्हा मी त्याच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. सकाळी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, “रघू, समितीचा निरोप आलाय. तुझी जागा बदलायची आहे. मी तुला पोचवते.”

त्याने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग परात कठड्याला टेकवून ठेवली आणि चपला घातल्या.

हे बरोबर येतो म्हणाले. मी म्हटलं, बरोबर नको, तुम्हाला बघून त्याला संशय येईल. मग मागून येतो म्हणाले. मी म्हटलं, “अहो, त्याच्या मागे कोणीतरी येतं असंच तर त्याला वाटतं. आज खरंच मागून चालणार का तुम्ही?” ह्यांनी तोंड फिरवलं. माझा नवरा रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्या वेळी राग नाही आला मला त्यांचा.

लालबागहून परळपर्यंत आम्ही चालत गेलो. रघू भिंतीच्या कडेकडेने चालत होता. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा त्याने माझा पदर धरला, लहानपणी धरायचा तसा. मला आपण त्याला फसवून नेतोय याची इतकी लाज वाटली की दोनदा वाटलं, परत फिरावं.

डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी रघूला पाठ भिंतीकडे करून बसू दिलं, दार उघडं ठेवलं. आधी शाळेचं विचारलं, मग झोपेचं. रघू एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग डॉक्टरांनी अगदी साधेपणाने, ताप आहे का विचारावं तसं विचारलं, “कोणी दिसत नसताना आवाज ऐकू येतो का?”

रघूने मान खाली घातली. म्हणाला, “येतो.”

“ओळखीचा आहे?”

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “हिचा.”

मी खुर्चीच्या दांड्या धरल्या.

“काय म्हणतो आवाज?”

“आधी नुसती हाक मारायची. मी जायचो तर म्हणायची, नाही मारली. मग दिवाळीपासून बोलायला लागली. म्हणते, भात खाऊ नकोस, मी त्यात घातलंय. म्हणते, तू या घरात नको आहेस. दादाला पकडून देणार आहेस तू. दिवसभर म्हणते.”

एवढे महिने. एवढे महिने माझाच आवाज त्या पोराला दिवसभर हे ऐकवत होता, आणि मी ताट वाढून त्याच्यासमोर ठेवत होते, आणि तो हुंगत होता आणि माझ्याकडे बघत होता आणि खात होता. मला ओरडून सांगायचं होतं, मी नाही रे ती. डॉक्टरांनी हातानेच मला थांबवलं.

“मग तू तिच्या हातचं खातोस कसा? आज तिच्याबरोबर आलास कसा?” त्यांनी विचारलं.

रघू विचारात पडला. कपाळाला आठ्या घालून, गणित सोडवताना बसायचा तसा बसला.

“आवाज हिचाच आहे,” तो म्हणाला. “पण वहिनी मला तू घरात नको, असं म्हणणार नाही. मारेल, पण असं नाही म्हणणार. काहीतरी चुकतंय. आवाजाचं चुकतंय का माझं, ते कळत नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “समितीचा निरोपही खोटा होता. समिती असे निरोप बायकांकडून देत नाही. मी पहाऱ्यावर होतो, मला ठाऊक आहे. तरी आलो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, “बाई, याला अजून आपल्या कानांची शंका येते. ही शंका आहे तोवर आमच्या हातात काहीतरी आहे. ती गेली की फार कठीण होतं. आता नव्या गोळ्या आल्या आहेत. बरा होईल असा शब्द मी देत नाही, पण तुम्ही वेळेत आणलंत.”

वेळेत. चाळीने त्याला परात दिली होती, मास्तरांचं डोकं फुटलं होतं, आणि याला वेळेत म्हणायचं. मी तोंडाला पदर लावला आणि रडले. रघू शेजारी बसून माझ्याकडे बघत होता. त्याने हात पुढे केला, मागे घेतला.

मग डॉक्टर कागद करायला आत गेले आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. रघूची मान एकदम वळली.

“वहिनी, आत्ता हाक मारलीस?”

“नाही,” मी म्हटलं. “आत्ता नाही मारली. थांब, आता मारते. माझ्या तोंडाकडे बघ.”

त्याने बघितलं.

“रघू.”

त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते.

“ओ,” तो म्हणाला.